तिळाएवढा माणूस

संजयची आई,

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. वर भावपूर्ण श्रद्धांजली असं लिहिलंय आणि खाली पंधरा-वीस माणसांची तोंडं आहेत. तुझा फोटो कोपऱ्यात, एसटीच्या पासावर असतो तेवढा. बाकीच्यांनी गॉगल लावलेत, एकानं तर फोन कानाला धरून फोटो काढलाय. मेलं कोण हे नवख्या माणसाला शोधावं लागेल. ह्यातल्या एकानंही तुझ्याकडून घासाघीस केल्याशिवाय साधा गजरा घेतलेला नाही, आणि आता म्हणे आमच्या मातोश्रीसमान.

ते बघून घरी आलो आणि म्हटलं, आपणच लिहावं. समाजाच्या अंकात छापतो म्हणालेत. "चार चांगले शब्द लिहा, आण्णा," असा निरोप आलाय. चांगले शब्द फ्लेक्सवाल्यांनी संपवले. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, माझ्याकडे जे उरलेत ते लिहितो.

तू कुणाची लेक, कुठल्या गावची, किती वर्षं फुलबाजारात बसलीस, ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळून कुणाचं काय भलं होणार आहे. मला तुझ्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. दवाखान्यात तू मला एक विचारलं होतंस आणि त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलंय. आता ते फार दिवस ठेवता येणार नाही, कारण रविवारी संजय येतोय. घराला कुलूप लावायचं आणि मला मनमाडला न्यायचं, असं नवरा-बायकोनं ठरवलंय. "आमच्या क्वार्टरला मागची खोली रिकामीच आहे, तुम्हाला तिथं ठेवतो," म्हणाला. ठेवतो. जसं काही मी सायकल आहे. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. आधी तुझं उत्तर, मग त्याचं.

तुझा प्रश्न होता त्या पांढऱ्या पानाचा. येतोय का चाललाय.

हे वाचणाऱ्यांना काय कळणार म्हणा. त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, तू मध्ये बोलू नकोस.

मागचा सिंहस्थ नाही, त्याच्या आधीचा. तो होऊन गेला त्याच्या पुढल्या वर्षी ती जपानीण बाजारात यायला लागली. तिचा नवरा सातपूरला कुठल्याशा कारखान्यात मशिनी बसवायला आला होता. ती दर शुक्रवारी गाडी घेऊन यायची आणि तुझ्यासमोर उकिडवी बसायची. बाकीच्या बाया तिला टपोरी फुलं दाखवायच्या. तिला हवी असायची वाकडी काडी. शेवंतीची जी फांदी आपण बकरीपुढं टाकतो ती ती उचलायची, तोंडासमोर धरून फिरवायची आणि हसायची. एक फूल, दोन काटक्या, झाला बाजार. मी म्हणालो, "श्रीमंतांना काटक्यांचं पण कौतुक. ह्याला कला म्हणतात म्हणे." तू म्हणालीस, "आन तुम्ही देवाला हातभर हार घालता, त्यातलं एक तरी फूल दिसतं का तुम्हाला?" ते काही असो, काटक्या त्या काटक्याच.

दोन वर्षांनी ती गेली. जाताना तिनं तुला एक पुस्तक दिलं. विटेएवढं जाड, आत सगळी चित्रं, आणि चित्रांत किड्यामुंग्यांसारखी अक्षरं. दोन्ही हातांनी दिलं, कमरेत वाकून. तूही वाकलीस. मग आठवडाभर बाजारातल्या बाया तुला बघितलं की वाकायच्या. मी म्हणालो, गजरे बांधायला कागद बरा आहे. तू ते पुस्तक देवळीत ठेवलंस, कुंकवाच्या करंड्याशेजारी, आणि मला सांगितलंस, "हात लावाल तर बघा."

दुपारी जेवणं झाली की तू ते घेऊन ओट्यावर बसायचीस. आपण दोघंही बघायचो, खोटं कशाला बोलू. वाचता येत नव्हतं म्हणून काही अडलं नाही. डोंगरात एक घर. घरात एक म्हातारी. छपरावर बर्फ. म्हातारी बर्फ उकरून मुळे काढते. तिचं नाव तू हौसा ठेवलंस. म्हातारी एकटीच चूल पेटवते, एकटीच जेवते, दारात उभी राहते. मग येतं ते पान. दोन्ही बाजू मिळून एकच चित्र, सगळं पांढरं. खाली कोपऱ्यात घराच्या छपराची कड. तिथून पावलांची एक ओळ वर गेलेली, अर्ध्यावर संपलेली. त्याच्या पुढं नुसतं पांढरं. आणि पार वर, कागदाच्या टोकाला, एक माणूस. केवढा? तिळाएवढा. तोंड आहे का पाठ आहे ते कळत नाही. त्याच्या पुढच्या पानांवर म्हातारा घरात बसलेला असतो आणि दोघं जेवतात. त्याचं नाव तू धोंडू ठेवलंस.

तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, "आला बाई एकदाचा."

पुढं पानं उलटत जाऊ तशी हौसा तरुण होत जायची. केस काळे व्हायचे. त्यांचा मुलगा मिशीवाला होता तो शाळकरी व्हायचा, मग रांगायचा, मग हौसाचं पोट दिसायचं. मी म्हणालो, "हे काय? माणसं उलटी कुठं वाढतात?" तू माझ्याकडं असं बघितलंस की मीच बिनडोक. "आठवतेय ना ती," म्हणालीस. "म्हातारीला आठवतंय. आठवायला लागलं की माणूस मागंच जातो, पुढं कसा जाईल?" शेवटच्या पानावर एक मुलगी शेतात उभी होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि बांधावरून एक मुलगा तिच्याकडं बघत होता. संपलं. तू पुस्तक मिटून म्हणालीस, "झालं. भेटले."

चांगली गोष्ट होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता छापून येतंय तर येऊ दे.

पण त्या पांढऱ्या पानावर आपलं जे जुंपलं ते जुंपलंच. मी म्हणत होतो, माणूस चाललाय. अक्कल लागत नाही त्याला. पावलं घरापासून सुरू होतात आणि त्याच्या दिशेनं जातात. तो पलीकडून येत असता तर पावलं त्याच्या मागं असती, घराच्या अंगणात कशाला उमटतील?

"ती त्याची नायच," तू म्हणालीस. "हौसाची हायेत. ती बघायला गेली आन माघारी आली."

"मग माघारी आल्याची कुठं आहेत?"

"त्याच पावलांत पाय टाकून आली. वाफ्यातून आपण कसं येतो?"

"अगं, तो बर्फ आहे, वाफा नाही."

"बर्फाखाली काय हाय? मुळेच हायेत ना? मग वाफाच झाला."

आता ह्याला काय म्हणायचं. वाचणाऱ्यांनी कधी चिखलात पाय घातला नसेल, म्हणून सांगतो. पाणी दिलेल्या वाफ्यात रोपं लावलेली असली आणि आत जावंच लागलं, तर आम्ही बाहेर येताना पहिल्या पावलांच्या खड्ड्यातच पाय टाकत येतो. नवं पाऊल पडलं तर नवं रोप मरतं. पायांना ती सवयच लागते. तू जपानातल्या बर्फावर आपला मखमलाबाद रस्त्याचा वाफा आणून ठेवलास आणि वर मलाच अडाणी म्हणालीस. चित्र काढणारा माणूस काय तुला विचारून चित्र काढणार होता?

ह्या एका तिळावर आपण किती वर्षं भांडलो. भाजीत मीठ जास्त झालं तरी तू म्हणायचीस, "त्याला चाललाय म्हणणाऱ्या माणसाला मीठ काय कळतंय."

मग केबल आलं. एका दुपारी तू पाट्या टाकून ओरडत आलीस, "हौसा टीव्हीवर हाय." मी म्हटलं उन्हानं चढलंय. जाऊन बघतो तर खरंच. तेच घर, तेच छप्पर, हलणारं. हिंदीतून. आणि नाव काय ठेवलं होतं? पिंकी. पुढं साठ वर्षांची म्हातारी झाली, मुळे उपटते, तरी नाव पिंकी. म्हाताऱ्याचं नाव राजू. ज्यानं हे ठेवलं त्याला एकदा हरसूलच्या बाजारात मुळे विकायला बसवायला पाहिजे. वर एक बोलणारं अस्वल घातलं होतं, पुस्तकात नसलेलं. अस्वल दर दोन मिनिटांनी विनोद करायचं आणि स्वतःच हसायचं.

पण सुरुवातीचे भाग काढणाऱ्याला काम येत होतं, हे मानावं लागेल. हौसा मुळा उपटायच्या आधी तो जरा हलवायची, डावीकडं, उजवीकडं, मग ओढायची. तू लगेच म्हणालीस, "ह्यानं मुळा काढलेला हाय." चित्रं गरिबाची होती, रंग उडालेले. पण माणूस दारात उभा असला तर उभाच राहायचा, उगीच गाणी लावत नव्हते. पुढं पुढं मात्र पैसे संपले असणार नाहीतर लाज संपली असणार. हौसाचं नाक दर भागात वेगळं. तेच झाड तीन गावांत. शेवटी शेवटी चित्रं अशी काढली होती की काढणाऱ्याची एसटी सुटतेय. आणि अस्वल काही मरेना.

तुझ्या मनात मात्र ते पांढरं पानच घर करून बसलं होतं. टीव्हीवर गोष्ट सरळ चालली होती. आधी पोरगी चिखलात, मग लग्न, मग मूल, मग म्हातारपण. मी म्हणालो, "बघ, आता शेवटी कळेल. पांढरं पान येऊ दे." ज्या दिवशी ते यायचं होतं त्या दिवशी तू बाजारातून लवकर आलीस. दोघं बसलो. पांढरं आलं. आवाज नाही, गाणं नाही, अस्वलसुद्धा गप्प. बर्फ पडत होता त्यामुळे पावलं दिसत नव्हती. वर तो तीळ. तीळ हलायला लागला, आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा तो शेवटचा भाग संपून बातम्या चालू होत्या. तू म्हणालीस, "इकडं येत होता. मी बघितलं." मी म्हणालो, "पलीकडं जात होता. मी पण बघितलं." त्या रात्री तू माझ्या ताटात भाकरी ठेवली नाहीस, टाकलीस.

मग वर्षा. तुझ्या भावाची मुलगी, पुण्यात कंपनीसाठी जपानी शिकत होती. सिंहस्थाच्या गर्दीत चार दिवस राहायला आली आणि देवळीतलं पुस्तक बघून किंचाळली. "आत्या, हे तुमच्याकडे कुठून आलं? ही मंगा, म्हणजे चित्रकथा, तर तिथंही कुणाला माहीत नाही." तिनं पुस्तक हातात घेतलं आणि मागून उघडलं.

"मागून काय बघतेस?" तू म्हणालीस.

"आत्या, हे पुढूनच आहे. जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही इतकी वर्षं शेवटाकडून वाचताय."

मी एवढा हसलो की मला ठसका लागला. सगळी गोष्ट उलटी. म्हातारीला आठवतंय म्हणे. म्हातारीला काही आठवत नव्हतं, आपण पुस्तक उलटं धरलं होतं. आणि सरळ बाजूनं बघितलं तर धोंडू म्हातारा होतो, पांढरं पान येतं, आणि नंतर शेवटपर्यंत हौसा एकटी. म्हणजे तो गेलाच. वर्षानं वाचून सांगितलं, दर हिवाळ्याला शहरात कामाला जायचा आणि त्या वर्षी गेला तो गेला. मी जिंकलो होतो. अंगणात जाऊन पान खाल्लं.

तू वर्षाला एवढंच विचारलंस, "त्या पांढऱ्या पानावर काय लिहिलंय?"

"त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही, आत्या."

"मग?" तू माझ्याकडं वळलीस. "चाललाय असं लिहिलंय का? नाय. म्हातारी एकटी हाय म्हणजे तो अजून रस्त्यात हाय. एवढंच."

मी म्हणालो, "पोरीला वाचता येतं, तुला येत नाही."

"तिला वाचता येतं. मला दिसतं."

वर्षानं सांगितलं की त्या पुस्तकावर दोनदा कार्टून झालंय. "कार्टून नाही मामा, अ‍ॅनिमे." बरं, अ‍ॅनिमे. आम्ही पाहिलं ते पहिलं, आणि दुसरं नुकतंच आलंय. पुढच्या वर्षी ती त्याची सीडी घेऊन आली. कुणाला तरी लाख विनवण्या करून मिळवली म्हणे. विनवण्या केल्याच नसत्या तर बरं झालं असतं.

ते दुसरं जे होतं त्याच्याबद्दल मी काय लिहू. छापायच्या अंकात येणारे शब्द नाहीत माझ्याकडे. चकचकीत. बर्फ असा चमकत होता की साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटावं. हौसाचे डोळे बशीएवढे आणि सारखे ओले. हात गोरेपान, नखं पांढरीशुभ्र. मुळे उपटणाऱ्या बाईची नखं. मुळा तर ती असा काढायची जसं फुलदाणीतून फूल काढतात, वर त्याला माती नाही. दोघांना दोन मिनिटं गप्प बसू देत नव्हते. जरा कुठं चूल धुमसली की व्हायोलिन. जरा दारात उभी राहिली की पाकळ्या उडायच्या, भर हिवाळ्यात, कुठल्या झाडाच्या ते त्या काढणाऱ्यालाच माहीत. आमच्या पोटापाण्याचा धंदा फुलांचा, पण एवढी फुकटची फुलं मी कधी बघितली नाहीत.

मग पांढरं पान. पावलं थेट त्याच्या बुटापर्यंत काढली होती, कुणाला शंका नको. आणि ज्या माणसाला एवढी वर्षं आपण तिळाएवढा बघितला त्याच्या तोंडासमोर नेऊन उभं केलं. गाल, मिशी, डोळ्यात पाणी. पाणी गालावरून खाली आलं, ते पडताना पण दाखवलं. वर गाणं. मी तुला म्हणालो, "घे, चाललाय. आता तरी मान." तू काही बोलायच्या आत गोष्ट संपली, नावं वर सरकायला लागली, आणि नावं संपल्यावर परत चित्र आलं. वसंत ऋतू, पाकळ्या, आणि धोंडू हसत हसत दारात. परत आला.

मला वाटलं आता तू माझ्या छाताडावर नाचणार. तू उठून टीव्हीच बंद केलास.

"अगं, तुझंच खरं झालं की. आला ना तो."

"असा नाय," तू म्हणालीस. एवढी चिडलेली मी तुला संजयनं शाळा सोडली तेव्हापण बघितली नव्हती. "नेला काय, आणला काय. माणसाला यायला रस्ता तरी द्यायचा का नाय?" मग वर्षाकडं वळून, "तो तीळच बरा होता. जवळ कशाला गेले? जवळ गेल्यावर दिसतं का कधी?"

वर्षा बिचारी म्हणाली, "आत्या, पण तिकडे ह्याला बक्षीस मिळालंय."

"मिळू दे. गजऱ्याला मिळतं, काटकीला कुठं मिळतं."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या बाजूनं बोललो. वर्षाला म्हणालो, ही तबकडी बांधावर लटकवून ठेवू, पाखरं तरी भिऊन जातील. ती अजून तिथं आहे. पाखरं भीत नाहीत.

आता दवाखाना. त्याच्याबद्दल थोडकंच. शेवटच्या आदल्या संध्याकाळी तू उठून बसलीस आणि पाणी मागितलंस. मग म्हणालीस, "ते पांढरं पान आठवतंय ना? सांगा बरं, येतोय का चाललाय? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

मी म्हणालो, "घरी चल, पुस्तक बघून सांगतो."

"बघायचं काय राहिलंय त्यात आता," तू म्हणालीस आणि आडवी होऊन कूस बदललीस. मग ते सलाईन बदलायला आले. सकाळी तू नव्हतीस.

तेव्हापासून घरात माणसांची रीघ लागलीय. येतात, माझ्यासमोर बसतात, पायाच्या अंगठ्याकडं बघतात आणि "सुटली हो" म्हणतात. कशातून सुटली? माझ्यातून? चहा पितात, दुसरा कप घेतात, आणि जाताना "रडा आण्णा, रडलं की मोकळं होतं" असं सांगतात. जसं काही मी तुंबलोय. तुझ्या भावानं तर मला सांगितलं की तू सोन्यासारखी होतीस. सोन्यासारखी. सोनं तिजोरीत पडून असतं. तू एक दिवस तरी पडून होतीस का?

दहाव्याला रामकुंडावर गेलो. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. आता रामकुंडावरचे कावळे तुला माहीत आहेत. दिवसाला इतक्या लोकांचं जेवतात की त्यांना उडवत नाही. समोरच्या छपरावर पाच-सहा बसले होते, ढेकर देत. एक पण खाली येईना. मग लोक हात जोडून तुला आश्वासनं द्यायला लागले. सून म्हणाली, "आई, बाबांना आम्ही नीट बघू." कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, "ताई, गळ्यातल्या पोतीची काळजी करू नको, पोत वर्षालाच देऊ." सुनेनं त्याच्याकडं बघितलं. कावळा हलला नाही. संजय म्हणाला, "आई, बाबा मनमाडला येणार आहेत, एकटे राहणार नाहीत." एका कावळ्यानं पाठ फिरवली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "तुम्ही काहीतरी बोला आण्णा, तुमच्यात जीव अडकलाय." ऊन झालं होतं, लोकांना घरी जेवायला जायचं होतं. मला तुझा प्रश्न माहीत होता. मी पिंडाजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "बरं बाई, येतोय."

कावळा आला नाही. कसा येईल? मी ते मिटवायला म्हटलं होतं. तू मला बजावून ठेवलं होतंस की बरं वाटावं म्हणून नको, आणि मी नेमकं तेच केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे उठले. गवताच्या कावळ्यावर ज्यांचं समाधान होतं त्यांना ते दुसरं कार्टूनही आवडलं असतं.

परवा दुपारची गोष्ट. सकाळी अंगणातल्या वाफ्याला पाणी दिलं होतं. तू जायच्या आधी टाकलेलं शेवंतीचं रोप आहे तिथं, बोटभर झालंय. रस्त्यावर जायला तो वाफा ओलांडून जवळ पडतं, तू शंभरदा सांगितलंस की वळसा घालून जा आणि मी शंभरदा आतूनच गेलो. तू बाजारातून यायची वेळ झाली की मी पाट्या उतरवून घ्यायला बांधापर्यंत जायचो. आता कोण येणार आहे? पण वेळ झाली की पाय निघतात. परवाही गेलो. बांधावर उभा राहिलो, रस्ता बघितला. तू ज्यातून यायचीस तसला एक टेम्पो गेला. परत आलो.

ओट्यावर बसलो आणि वाफ्याकडं नजर गेली.

ओट्यापासून पावलांची एक ओळ बांधापर्यंत गेली होती. एकच. परत आल्याची ओळ नव्हती. बराच वेळ मी बघत राहिलो. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, ह्या घरातून माणूस निघून गेला. पार तिकडं बांधापर्यंत गेला आणि पुढं दिसेनासा झाला. चौथी शिकलेला माणूस म्हणाला असता, अक्कल लागत नाही, गेलाय तो. आणि तो माणूस तर इथं ओट्यावर बसला होता.

उठून देवळीतलं पुस्तक काढलं. तुझा चष्मा लावला, माझ्यापेक्षा तुझाच बरा. पांढरं पान काढलं. पावलं घरापासून अर्ध्यापर्यंत. तिळापर्यंत नाहीतच. एवढी वर्षं मी म्हणत होतो की काढणाऱ्यानं आळस केला, लांबची पावलं काढली नाहीत. त्यानं आळस केला नव्हता. पावलं बांधापर्यंतच आहेत. बघायला जाणारं माणूस तिथपर्यंतच जातं.

तर हे घे तुझं उत्तर. पिंडावर म्हटलं ते धरू नको, हे धर. खरं सांगतोय, बरं वाटावं म्हणून नाही. पावलं हौसाची आहेत. तो येतोय.

रविवारी संजय कुलूप घेऊन येईल. त्याला चहा देईन आणि कुलूप परत पाठवीन. त्याला समजावून सांगायच्या भानगडीत मी पडणार नाही, क्वार्टरसमोर सिमेंट आहे, त्याच्या डोक्यात हे शिरणार नाही. शेवंतीचं रोप अजून बोटभरच आहे, त्याला पाणी लागतं. आणि दुपारी बांधापर्यंत जाऊन रस्ता बघायला घरात एक माणूस लागतं.

फुगू नकोस. बर्फ म्हणजे वाफा नव्हे, हे माझं अजून तसंच आहे.